क्ष-किरण तंत्रज्ञाचा व्यवसाय : शिक्षण, संधी आणि जबाबदारी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात बडोद्यात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठी झालेल्या व्यवसाय-मार्गदर्शन व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण.)



१९८१ साली मी याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झालो. ज्या सभागृहात मान खाली घालून बक्षिसांच्या यादीत आपले नाव नाही हे ऐकण्याची मला सवय होती, तेथेच आज बोलण्यासाठी उभा राहताना संकोच वाटतो. माझ्याआधी या मालेत अभियंते, सनदी लेखापाल, प्राध्यापक बोलून गेले. मी क्ष-किरण तंत्रज्ञ. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, बहुधा जिन्याच्या मागे असलेल्या एका जाड दाराच्या खोलीत सदतीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो. संयोजकांनी मला बोलावले याचे कारण त्यांनीच सांगितले : ‘डॉक्टर होता आले नाही तर पुढे काय, हा प्रश्न घेऊन पालक येतात. तुम्ही त्यांना काही सांगा.’

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा व्यवसाय म्हणजे डॉक्टर न होऊ शकलेल्यांचे सांत्वन नव्हे. तो वेगळा व्यवसाय आहे. त्याची विद्या वेगळी, कौशल्य वेगळे आणि चूकही वेगळी. प्रतिमा पाहून निदान करणारे ते क्ष-किरण तज्ज्ञ, म्हणजे रेडिओलॉजिस्ट. ते वैद्यकीय पदवी व त्यापुढील पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ती प्रतिमा निर्माण करणारा तो तंत्रज्ञ. रुग्णाला कसे झोपवायचे, किरण कोणत्या कोनातून आणि किती शक्तीने सोडायचे, शरीराचा कोणता भाग झाकायचा, हे तो ठरवतो. प्रतिमाच सदोष असेल तर जगातला सर्वांत मोठा तज्ज्ञही तिच्यातून खरे निदान काढू शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, १९८५ च्या डिसेंबरात, एका धर्मादाय रुग्णालयात माझ्या हातून जी चूक झाली तिने ते शिकवले. ती चूक आज येथे सांगावी असे मी ठरवून आलो आहे.

त्या काळी फिल्म डार्करूममध्ये धुवावी लागे. तांबड्या मंद दिव्याखाली ती चौकटीत अडकवायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग हायपोमध्ये, मग वाहत्या पाण्यात, आणि शेवटी वाळत टांगायची. रुग्णाची ओळख म्हणून कॅसेटवर शिशाचे छोटे आकडे चिकटवीत असू. त्या दिवशी गर्दी होती. लागोपाठ दोन रुग्ण आले : एक कारखान्यातला कामगार आणि एक खेड्यातून आलेली तिशीतली स्त्री. दोघांच्याही छातीचा फोटो. घाईत माझ्याकडून दोघांचे आकडे बदलले गेले. कामगाराच्या नावावरील फिल्ममध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला; त्याला क्षय झाला असे सांगून औषध लिहून दिले गेले. स्त्रीच्या नावावरील फिल्म स्वच्छ होती. खोकल्याचे औषध घेऊन ती एस. टी.ने गावी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ आदल्या दिवसाच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून पाहत होते. त्यांनी मला हाक मारली आणि एवढेच विचारले, ‘या पुरुषाच्या छातीवर स्तनांची छाया कशी रे?’ मी पाहिले आणि माझे हातपाय गार पडले. ते ओरडले नाहीत. त्यांनी नोंदवही पुढे ठेवली आणि घडले ते माझ्याच हस्ताक्षरात लिहायला लावले. मग आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. कामगाराला बोलावून त्याचा फोटो पुन्हा काढला. तो स्वच्छ निघाला. आणि मी त्या स्त्रीचा पत्ता घेऊन डभोईच्या पलीकडच्या तिच्या गावी गेलो.

ती अंगणात बसली होती, मांडीवर मूल होते. मी जमेल तशा गुजरातीत सर्व सांगितले. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, ‘एटले रोग मने छे?’ म्हणजे रोग मला आहे? त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे हे माझ्या आयुष्यातले सर्वांत अवघड उत्तर होते. ती दुसऱ्या दिवशी आली, उपचार सुरू झाले, पुढे बरी झाली. तिचा शेवटचा फोटोही मीच काढला. परंतु ती फिल्म जर वरिष्ठांच्या नजरेतून निसटली असती, तर एका घरात क्षय राहिला असता आणि दुसऱ्या घरात त्याची खोटी भीती.

त्या दिवसापासून मी रुग्णाला ‘तुमचे नाव अमुक का?’ असे कधी विचारले नाही. घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘तुमचे नाव सांगा’ असेच विचारायचे आणि त्याच्या तोंडून ऐकायचे. आज फिल्म गेली, शिशाचे आकडे गेले, संगणकाच्या पडद्यावर नाव आपोआप उमटते. तरीही चुकीच्या नावावर चुकीचा माणूस झोपवण्याची शक्यता संपलेली नाही.

आता पालकांच्या मनातील पहिल्या प्रश्नाकडे वळतो. मी ही वाट धरली तेव्हा माझ्या आईनेही तोच विचारला होता : ‘त्या किरणांनी तुझ्या जिवाला काही होणार नाही ना?’ प्रश्न योग्य आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना या किरणांचा शोध लागला. त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी त्यांना गणितातील अज्ञात राशीचे नाव दिले. १९०१ चे भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण त्याच आरंभीच्या वर्षांत या किरणांशी बेफिकिरीने वागणाऱ्यांनी मोठी किंमत मोजली. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे उपकरण तपासण्यासाठी स्वतःचेच हात किरणांत धरीत. त्यांचे हात गेले, आणि १९०४ मध्ये जीवही गेला. आजची सगळी शिस्त अशा माणसांच्या दुःखातून उभी राहिली आहे.

ती शिस्त तीन शब्दांत सांगता येते : वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांत कमीत कमी वेळ राहायचे. शक्य तितके दूर उभे राहायचे. मध्ये शिशाचा आडोसा ठेवायचा. अंतराचा नियम आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी तेलाचा डाग पाडलेला कागद आणि दोन दिवे घेऊन दाखवला होता. अंतर दुप्पट केले की तीव्रता एकचतुर्थांश होते. प्रकाशाचा हा नियम क्ष-किरणांनाही लागू पडतो. शस्त्रक्रियागृहात सी-आर्म यंत्राशेजारी काम करताना एक पाऊल मागे सरकण्याचे मोल मला त्या कागदाच्या डागाने शिकवले.

आपल्या देशात या क्षेत्रावर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख आहे. किरणांत काम करणाऱ्यांसाठी मर्यादा ठरलेली आहे : सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा अधिक नाही. जगातील प्रत्येक माणसाला माती, आकाश आणि अन्न यांतून निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे. प्रत्येक तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत, टी. एल. डी. बिल्ला असतो. तो ठरावीक काळाने तपासणीला जातो आणि किती मात्रा मिळाली त्याची नोंद राहते. नीट चालणाऱ्या क्ष-किरण विभागात ही मात्रा मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. बिल्ला घरी विसरणारा किंवा ॲप्रन जड वाटतो म्हणून खुंटीवर टांगणारा तंत्रज्ञ मात्र स्वतःचाच शत्रू असतो.

मुलींच्या पालकांना विशेष शंका असते. तिचेही उत्तर नियमांत आहे. गरोदरपण कळताच संस्थेला कळवावे. त्यापुढे गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळणार नाही अशा रीतीने काम वाटून द्यावे लागते. नोकरी सोडावी लागत नाही. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरी यांनी क्ष-किरण यंत्रे मोटारींवर चढवून रणभूमीजवळ नेली आणि ती चालवण्यासाठी सुमारे १५० स्त्रियांना शिकवून तयार केले. मॅमोग्राफीसारख्या तपासणीत तर स्त्री रुग्णांना स्त्री तंत्रज्ञच हवी असते.

आता शिक्षणाविषयी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला ही वाट खुली होते. काही ठिकाणी जीवशास्त्राऐवजी गणितही चालते. दोन मुख्य मार्ग आहेत. एक, दोन वर्षांची पदविका. दुसरा, पदवी : साधारणतः तीन वर्षे अभ्यास आणि त्यानंतर रुग्णालयातील प्रशिक्षण. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, बंगळुरूची निमहान्स, वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय ही या शिक्षणाची नामवंत केंद्रे आहेत. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही हे शिक्षण कमी खर्चात मिळते. अभ्यासात शरीररचना, किरणांचे भौतिकशास्त्र, यंत्रांची रचना, रुग्णाची स्थिती, सुरक्षा आणि रुग्णसेवा हे विषय येतात. माझा स्पष्ट सल्ला असा : घरची परिस्थिती तशी असेल तर पदविका घेऊन कमावायला लागावे, त्यात कमीपणा नाही, मीही पदविकाधारकच. पण शक्य असेल तर पदवीच घ्यावी, कारण पुढील काळातील बढती, अध्यापन आणि परदेशातील संधी पदवीकडेच पाहतात.

२०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आमच्या पिढीत डॉक्टरांची परिषद होती, परिचारिकांची होती, आमची नव्हती. या कायद्यात क्ष-किरण, प्रतिमाशास्त्र व किरणोपचार यांतील व्यावसायिकांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि शिक्षणाचा दर्जा व व्यावसायिकांची नोंदणी यांची तरतूद आहे. म्हणूनच आज प्रवेश घेताना संस्थेची पारख पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. ‘सहा महिन्यांत क्ष-किरण तंत्रज्ञ व्हा, नोकरीची हमी’ अशा पाट्या आपण बाजारात पाहतो. पालकहो, फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पदवी वा पदविका कोणते विद्यापीठ किंवा कोणती परिषद देणार? संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, की विद्यार्थी वर्षभर फळ्यावरचीच यंत्रे पाहणार? विद्यार्थ्याला बिल्ला मिळतो का? आणि मागील तुकडीचे विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत? चौथ्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून ऐकू नका. त्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांच्याकडून ऐका.

नोकरीचे क्षेत्र आता एका खोलीपुरते राहिलेले नाही. १९७१ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन झाला, आणि त्यामागच्या संशोधनाबद्दल १९७९ मध्ये हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. त्यामागोमाग एम. आर. आय. आले. आज तंत्रज्ञाला साधा क्ष-किरण, सी. टी., एम. आर. आय., मॅमोग्राफी, हृदयाची कॅथ लॅब, शस्त्रक्रियागृह यांपैकी कोठेही काम मिळू शकते. कर्करोगाच्या किरणोपचाराचे तंत्रज्ञ आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे तंत्रज्ञ या स्वतंत्र शाखा आहेत आणि त्यांचे शिक्षणही स्वतंत्र आहे. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या नव्या यंत्राचे शिक्षण देण्यासाठी अनुभवी तंत्रज्ञ घेतात. येथे एक गैरसमज दूर करतो. सोनोग्राफी ही आपल्या देशात तंत्रज्ञाने करायची तपासणी नाही. ती पात्र डॉक्टरच करू शकतात, आणि गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा कठोर आहे. परदेशात तंत्रज्ञ सोनोग्राफी करतात हे ऐकून येथे कोणी त्या मोहात पडू नये.

सरकारी नोकऱ्यांत रेल्वे, कामगार राज्य विमा रुग्णालये, केंद्रीय वैद्यकीय संस्था आणि राज्यांची आरोग्यखाती यांची भरती निघते. रेल्वेत रेडिओग्राफरचे पद सातव्या वेतन आयोगाच्या पाचव्या स्तरावर आहे. आरंभीचे मूळ वेतन २९,२०० रुपये, त्यावर भत्ते. जागा मात्र थोड्या असतात आणि परीक्षेला गर्दी मोठी. खासगी क्षेत्रात मोठे रुग्णालय आणि गल्लीतले केंद्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. छोट्या केंद्रात पहिला पगार निराश करणारा असतो, हे मी लपवणार नाही. पण सी. टी. आणि एम. आर. आय. यांवर दोन-तीन वर्षे मन लावून काम केलेल्या माणसाला रिकामे बसावे लागल्याचे मी पाहिले नाही. परदेशी जायचे असल्यास प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी आहे : ब्रिटनमध्ये आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदणी लागते, आखाती देशांत कागदपत्रांची पडताळणी व परवाना परीक्षा असते. अमेरिकेचा मार्ग सर्वांत लांब. तेथे बहुधा तेथील मान्यताप्राप्त शिक्षणच घ्यावे लागते. दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

कामाचे कष्टही सांगतो. रात्रपाळी आहे. अपघाताचा रुग्ण मध्यरात्री येतो, आणि त्याच्या तुटलेल्या पायाला धक्का न लावता तो फोटो काढायचा असतो. उचलठेव करून कंबर धरते. आणि सावधगिरीला सुट्टी नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एम. आर. आय.च्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसह त्याला खेचले आणि तो दगावला. दीड टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट प्रबळ असते, आणि तपासणी चालू नसतानाही ते चालूच असते. ही गोष्ट दारावर अडून सांगणे, प्रसंगी उद्धट ठरूनही सांगणे, हे तंत्रज्ञाचे काम आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता हा व्यवसाय टिकेल का, असे तरुण विचारतात. प्रतिमा वाचण्यात आणि मात्रा कमी करण्यात यंत्र मदत करू लागले आहे, आणखी करील. मात्र रडणाऱ्या मुलाला स्थिर ठेवणे, वृद्धेचा आखडलेला खांदा तिला न दुखवता वळवणे, गरोदर असण्याची शक्यता सुनेला सासूसमोर न विचारता बाजूला घेऊन विचारणे, ही कामे माणसाचीच आहेत. डार्करूम गेली तेव्हाही आमचे काम संपेल असे लोक म्हणत. प्रत्यक्षात शिकणारे टिकले आणि न शिकणारे मागे पडले.

शेवटी मराठी माध्यमाविषयी. इंग्रजीतील जाड पुस्तके पाहून माझेही पहिले सहा महिने भीतीत गेले. पण विषय समजलेला होता. शब्द तेवढे नवे होते. रोज दहा शब्द वहीत लिहून पाठ केले आणि भीती गेली. आजच्या विद्यार्थ्याने हीच तयारी अकरावीपासून करावी. आणि दुसरी बाजूही पाहा. माझ्या टेबलावर बडोद्याचा व्यापारी आला, छोटा उदेपूरचा राठवा आदिवासी आला, मध्य प्रदेशातून आलेला मजूर आला. घरात मराठी, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार भाषांत वाढलेल्या आपल्या मुलाला कोणाशीही बोलता येते. ‘ऊंडो श्वास लो, रोकी राखो’ हे रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला विश्वास वाटेल अशा आवाजात सांगता आले की फोटो पहिल्याच वेळी चांगला येतो. दुसऱ्यांदा काढावा लागत नाही, म्हणजेच रुग्णाला दुप्पट किरण घ्यावे लागत नाहीत. भाषेचा इतका रोकडा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

माझी एक विनंती आहे. वैद्यक क्षेत्रात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी या महोत्सवानिमित्त एक छोटा गट करावा, आणि दहावी-बारावीच्या मुलांना वर्षातून एक दिवस आपापला विभाग दाखवावा. पुस्तकातील चित्रापेक्षा प्रत्यक्ष दारातून आत डोकावणे अधिक शिकवते. मला हाक मारा. मी निवृत्त आहे, वेळच वेळ आहे.

बक्षिसांच्या यादीत माझे नाव या शाळेत कधी आले नाही. तरीही शाळेने मला जे दिले ते मला सदतीस वर्षे पुरले : चूक झाली तर ती आपल्या हस्ताक्षरात लिहून सही करावी, ही सवय. गृहपाठाच्या वहीत ती लागली आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत उपयोगी पडली. शाळेला आणि गुरुजनांना माझा नमस्कार.